पाठीत काऊन गेलं

१९९९ साली मी गोंदियाच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा माझी पहिली अडचण अंड्यांची होती. बी.एस्सी.च्या मुलांना कोंबडीच्या अंड्यातला वाढता गर्भ दाखवायचा असतो. बाजारातली पांढरी अंडी त्याला चालत नाहीत. ती कोंबड्याशिवाय घातलेली असतात, कितीही उबवा, आत काही होत नाही. त्यासाठी गावरान अंडी लागतात, आणि तीही ज्या अंगणात कोंबडा फिरतो तिथली. ती मला वहिनी द्यायची.

माझं सासर गोंदियात आणि माहेर बिरसीच्या पलीकडच्या एका गावात. दादाची धानाची शेती होती. वहिनी त्याची बायको, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. तिचं माहेर इटियाडोह धरणाच्या कालव्याखालचं. तिथे वर्षाला दोन पिकं निघत, त्यामुळे आमच्याकडे उन्हाळ्यात रिकाम्या पडलेल्या धानाच्या बांध्या पाहून ती दरवर्षी नाक मुरडायची. मी शाळेत होते तेव्हा ती लग्न होऊन आली. माझ्या वेण्या तिनं घातल्या, सायकल शिकताना गुडघा फुटला तर हळद तिनंच लावली. घरात आम्ही पोवारी बोलतो. इथे मात्र आमची बोलणी मी झाडीबोलीत लिहिते आहे, म्हणजे बाहेरच्या वाचकाला कळतील.

कॉलेजात अंडी उबवायची पेटी होती, पण त्या वर्षांत लोडशेडिंग इतकं असायचं की पेटी तासन्‌तास गार पडायची. मग वहिनीनंच तोड काढली. तिची एखादी कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली माझ्यासाठी अंडी ठेवायची, आणि दोन-तीन दिवसांनी तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भरलेल्या टोपलीत ती अंडी घेऊन दादाच्या मागे लुनावर बसून कॉलेजात यायची. टोपली माझ्या हातात देताना दर वेळी म्हणायची, "घे बाई. आता तू अन तुझे पोट्टे पाहा. मी नाई थांबत."

"थांबा ना वहिनी. आतमधी जीव कसा धडधडते ते तर पाहा."

"उबवलेलं अंडं फोडाचं तुले जमते. माह्यानं होत नाई."

मी हसायची. एवढ्या कोंबड्या पाळणारी, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, पाहुण्यांसाठी त्या कापून रांधणारी बाई अंडं फोडायला का घाबरते, याचं मला नवल वाटायचं.

वहिनीला एक मुलगी होती, पुढे ती लग्न होऊन बालाघाटकडे गेली. त्या मुलीच्या पाठीवर एकदा दिवस राहिले होते. पाचव्या महिन्यात, ऐन रोवणीच्या दिवसांत, म्हणजे पऱ्ह्यात दाट वाढलेली भाताची रोपं उपटून बांधीत लावतात तेव्हा, ते गेलं. मुलगा होता. दादानं त्याला शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पुरलं. त्यानंतर वहिनीला पुन्हा दिवस राहिले नाहीत. त्या गोष्टीबद्दल घरात कधीच कोणी बोललं नाही. धुऱ्यावर त्या जागी ऐनाचं एक झाड होतं आणि वहिनी तिथं भाकरीचा तुकडा ठेवते, एवढंच मला माहीत होतं.

२००७ च्या पावसाळ्यात तिच्या डाव्या स्तनात गाठ आली. रोवणी होती, मग निंदण, मग कापणी. दुखत नव्हती म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा अंगणात मला न्हाऊ घालताना तिनं माझा हात धरला आणि गाठीवर ठेवला. म्हणाली, "हे काय असन वं?"

माझ्या बोटांना ते कळलं. तिला मी एवढंच म्हटलं, "उद्याच दाखवू."

गावातल्या लोकांचं म्हणणं एकच होतं. अशा गाठीला चाकू लावायचा नाही. चाकू लागला की आत हवा जाते आणि ती अंगभर पसरते. अमुक गावच्या बाईचं तसंच झालं, तमुकच्या मामीचं तसंच झालं. दादा गोंधळला. पण गोंदियाच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं तेव्हा तो थांबला नाही. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मग सलाईनमधून औषधं, मग मशीनचा शेक. केस गेले. ती डोक्याला दादाचा गमछा बांधून अंगणात बसायची आणि कोंबड्यांना तांदळाची कनकी टाकायची. पुढच्या दिवाळीपर्यंत केस परत आले, पहिल्यापेक्षा जास्त कुरळे. मंडईच्या दिवशी तिनं नवी साडी नेसली, रात्रभर दंडार पाहिली आणि सकाळी मला फोन करून त्यातल्या सोंगाड्याची नक्कल ऐकवली. आम्हाला वाटलं, संपलं.

२००९ च्या पावसाळ्यानंतर तिची कंबर दुखू लागली. चिखलात वाकून रोवणी केल्यावर कुणाची दुखत नाही? तिनं बाम चोळला, तापवलेल्या विटकरीनं शेकलं. मग एक दिवस विहिरीवरून पाण्याचा गुंड, म्हणजे पितळी हंडा, उचलताना ती खाली बसली ती उठेचना.

पुन्हा नागपूर. या वेळी दादा, वहिनी आणि मी तिघं गेलो. तपासणीत निघालं की रोग पाठीच्या मणक्यांत गेला आहे. सांगणारी डॉक्टर तरुण मुलगी होती, अकोल्याकडची. तिनं घाई केली नाही. वहिनीला खुर्चीवर बसवलं, आपण स्टूल ओढून समोर बसली आणि साध्या मराठीत सगळं सांगितलं. दादानं एकच प्रश्न विचारला.

"मॅडम, चाकू लावला म्हून पसरलं का?"

"नाही काका. ऑपरेशन केलं नसतं तर आणखी लवकर त्रास झाला असता. या पेशी बहुतेक त्याच्या आधीच निघाल्या होत्या. खूप दिवस लपून बसतात त्या."

"पण छातीतलं पाठीत काऊन गेलं?" हा प्रश्न वहिनीचा होता.

डॉक्टरीणबाईंना मी काय शिकवते हे मघाशीच बोलण्यात कळलं होतं. त्या माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुम्ही शिकवता तेच आहे हे. गर्भात पेशी इकडून तिकडे जातात ना, त्यासाठी जे जीन काम करतात, ते नंतर झोपी जातात. कॅन्सरमध्ये ते गर्भातलं परत जागं होतं. सगळं नाही कळलं अजून, पण पसरण्यात त्याचा हात असतो."

मी मान हलवली. नागपूरलाच प्राध्यापकांच्या एका उजळणी वर्गात मी त्याबद्दल ऐकलं होतं. फळमाशीच्या गर्भात आधी सापडलेला एक जीन आहे, त्याचं नाव ट्विस्ट. तो बिघडला तर माशीचा गर्भ पिळवटलेला दिसतो, म्हणून हे नाव. तोच जीन माणसातही आहे, कोंबडीतही आहे. शेजारच्या पेशींचा धरलेला हात सोडायचा, आकार बदलायचा, वाट काढत पुढे सरकायचं, ही कामं पेशीकडून करून घेणाऱ्या जीनांपैकी तो एक. गर्भात हे झालं नाही तर हृदय, हाडं, चेहरा काहीच नीट घडणार नाही. आणि स्तनाच्या कर्करोगातल्या पसरणाऱ्या पेशींमध्ये तोच पुन्हा सुरू झालेला सापडतो. उजळणी वर्गात हे ऐकताना मी वहीत उतरवून घेतलं होतं. तेव्हा वहिनी बरी होती आणि मला ते नुसतं नवलाचं वाटलं होतं.

परतीच्या गाडीत वहिनी खिडकीशी बसली होती. तुमसर गेलं, तिरोडा गेलं, ती काही बोलली नाही. दादानं चहा घेऊन दिला, तो तिच्या हातातच गार झाला. वाटलं, भीतीनं गप्प असेल. 

पाठीला शेक दिला, रोजच्या गोळ्या बदलून दिल्या. महिना-दीड महिन्यानं दादाचा फोन आला. "बाई, तू येऊन पाय. तुही वहिनी काही बोलत नाई, जेवत नाई. दुखणं कमीच होऊन नाई राहिलं."

शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर मी गेले. दादा शेतावर होता. वहिनी ओसरीत बाजेवर आडवी होती, भिंतीकडे तोंड करून. मी म्हटलं, भात टाकते. तांदळाच्या डब्यात हात घातला तर खाली पाकिटं लागली. बाहेर काढली. नागपूरहून आणलेल्या गोळ्या होत्या, एकही फोडलेली नव्हती.

ती पाकिटं घेऊन मी ओसरीत आले.

"वहिनी, हे काय?"

तिनं मान वळवून पाहिलं. लपवायचा प्रयत्न केला नाही. "घेतल्या नाई."

"काऊन?"

त्या वेळी वरून बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घरघरत गेलं. तिकडे विमान चालवायला शिकवणारी शाळा निघाली होती आणि दिवसभर ती लहान विमानं गावावरून फेऱ्या मारायची. आवाज पूर्ण दूर जाईपर्यंत ती थांबली.

"त्या डॉक्टरीनबाईनं सांगतलं ना. गर्भातलं जागं झालं म्हून."

"हो. मंग?"

"मंग काय. माह्या पोटात तो एकच राहून गेला ना पुरा न होता. मी त्याले धुऱ्यावर ठेवून आली. मले वाटलं सारा गेला. थोडासा आतमधीच राहिला असन." ती हे अगदी सरळ आवाजात सांगत होती, जणू घरात कोणती वस्तू कुठे ठेवली ते सांगावं. "पोटात होता तवा मी त्याले धरून ठेवू शकली नाई. आता पाठीशी येऊन बसला, तर गोळ्या खाऊन मारू का त्याले?"

मी बाजेच्या कडेवर बसले.  इतकी वर्षं ती माझ्यासाठी अंडी उबवत होती आणि आत पाहायचं म्हटलं की तोंड फिरवून निघून जात होती, ते कशापायी हे मला त्या क्षणी कळलं. मी तिचा पाय धरला. पाय थंड होता.

"वहिनी, तसं नाई वं ते. त्या बाईंना तसं नव्हतं म्हणायचं."

"मंग कसं?"

मी बोलून पाहिलं. जीन, पेशी, गर्भ. बोलता बोलता लक्षात आलं की 'गर्भ' हा शब्द तोंडून निघाला की तिचा चेहरा मिटतो. तिच्यासाठी गर्भ एकच होता. शेवटी मी विचारलं, "कोंबडी बसली आहे का?"

"बसली हाये. तीन दिस झाले. काऊन?"

"एक अंडं घेऊ?"

तिनं गोठ्याकडे हात केला. मग म्हणाली, "घे."

गोठ्यातल्या टोपलीतून मी अंडं आणलं. खोलगट बशीत कोमट पाणी घेतलं, त्यात मीठ टाकलं. तिच्या शिलाई मशीनची लहान कात्री घेतली. भिंग माझ्या पर्समध्ये असायचंच. अंडं त्या पाण्यात ठेवून, कवचाला वरच्या बाजूनं हलकेच छेद देऊन मी लहानशा खिडकीसारखा तुकडा काढला. वहिनी उठून बसली होती, पण पदर डोळ्यांवर धरून.

"पाहा वहिनी. एकदाच."

तिनं पदर खाली घेतला. पिवळ्या बलकावर लाल धाग्यांचं जाळं पसरलं होतं आणि मधोमध मोहरीएवढा लाल ठिपका उघडमीट करत होता.

"हे काय?"

"काळीज. पिल्लाचं."

तिनं पदर तोंडाशी नेला. पण तिनं डोळे काढले नाहीत. मी भिंग तिच्या हातात दिलं. गर्भाचा वाकलेला पांढुरका आकार, त्याच्या पाठीवरची बारीक रेषा मी तिला सुईच्या टोकानं दाखवली.

"हे पाठ होय. या पाठीच्या रेषेवर पेशी दाटीनं बसल्या असतात. लहान लहान, पऱ्ह्यातल्या रोपासारख्या. मग त्यातल्या काही निघतात. शेजारच्या पेशीले सोडतात अन चालत जातात. कोणी तोंडाकडे जाते, तिथं जबड्याचं हाड होते. कोणी चामडीत जाते, तिथं रंग होते. कोणी आतड्यात."

"चालत?"

"सरकत सरकत. त्यांना निघा म्हणून सांगणारं काहीतरी त्यांच्या आतच असते. त्यालेच डॉक्टरीणबाई जीन म्हणे."

"म्हंजे रोवनीच झाली." ती पुटपुटली. "पऱ्हे उपटले अन बांधीत लावले."

"तसंच. अन रोवणी झाली की संपलं. मग ते जीन निजून राहतात. जन्मभर."

"या पिल्लाचे."

"पिल्लाचे. अन माणसाचे बी. माझे, दादाचे, तुमचे. वहिनी, तुम्ही तुमच्या मायच्या पोटात होत्या ना, तेव्हा तुमची पाठ, तुमचा चेहरा, तुमचं काळीज यांनीच घडवलं. डॉक्टरीणबाई त्याबद्दल बोलून राहिली होती. गर्भ म्हणजे तुम्ही. तुम्ही स्वतः, मायच्या पोटातल्या."

तिनं भिंग खाली ठेवलं.

"मी?"

"तुम्ही."

"मायच्या पोटातली मी."

"हो. तेव्हाचंच जे निजलं होतं ते या गाठीत जागं झालं. बिनमोसमाची रोवणी करून राहिलं. त्यात तुमच्या बाळाचं काही नाही."

वहिनी बशीकडे पाहत होती. ठिपका आता संथ झाला होता. तिनं विचारलं, "त्यानं काहीच नाई केलं?"

"काहीच नाही. ते लेकरू कधीचंच गेलं वहिनी. त्याचा यात काही दोष नाही. अन तुमचा बी नाही."

ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं. ऑपरेशनच्या वेळीही ती रडली नव्हती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायला गेले आणि मणक्यांची आठवण होऊन थबकले. तिनंच माझा हात ओढून खांद्यावर घेतला. काही वेळानं पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "मंग साऱ्यायचे निजून हायेत, माहेच काऊन जागले?"

"ते मले माहीत नाही वहिनी."

"डॉक्टरले?"

"त्यांना बी पूर्ण नाही. शोधून राहिले."

तिला हे उत्तर पटलं असावं. "कोनाले माहीत नाई तर नाई," ती म्हणाली. मग बशी उचलून हळूहळू, भिंतीला धरत परसात गेली. तुळशीमागच्या मातीत खुरप्यानं खळगा करून अंडं त्यात ठेवलं आणि माती लोटली. परत येऊन तांब्या घेतला आणि म्हणाली, "दे ते गोळी."

आम्हाला माहीत नव्हतं, पण दादा मघाशीच आला होता आणि ओसरीच्या खांबापाशी उभा होता. किती ऐकलं कोण जाणे. संध्याकाळी मला बसस्टॉपवर सोडायला आला तेव्हा वाटेत मोटारसायकल थांबवून म्हणाला, "लोक म्हनून राहिले होते, नवऱ्यानंच नेऊन चाकू लावला. मलेही रातभर तेच वाटे." मी म्हटलं, "तू नेलंस म्हणून दोन वर्षं चांगली गेली." त्यानं गाडी चालू केली.

गोळ्यांनी आणि शेकानं दुखणं कमी झालं. ती काठी घेऊन चालू लागली, पुढे काठी ठेवूनही चालू लागली. पाण्याचा गुंड मात्र दादा आणायचा. रोग गेला नव्हता, हे तिला स्वच्छ सांगितलेलं होतं. नागपूरला ठरलेल्या वेळी ती जायची, आणि तिथल्या बाकावर बसलेल्या बायांशी तिची ओळख झाली होती. कोण कुठली, कोणाला कुठे झालं, हे मला ती फोनवर सांगायची. एखादीचं नाव पुढच्या वेळी निघालं नाही की मी विचारत नसे.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी रोवणीच्या दिवसांत वहिनी धुऱ्यावर बसून बायांना पाणी-चहा देत होती. बांधीत तिची चुलत जाऊ होती, समोरच्याच घरातली. धट्टीकट्टी, गावात सगळ्यात भराभर रोवणारी. ती सारखी डाव्या हातानं रोपांची जुडी धरायचं टाळत होती. वहिनीच्या ते नजरेत आलं. दुपारी तळ्यावर हातपाय धुताना तिनं जावेला गाठलं आणि सरळ विचारलं, "काखेत काय हाये तुह्या?"

जाऊ चिडली. "काही नाई. वात हाये."

"दाखव."

"कायले दाखवू? तू दाखवलं, मंग काय झालं? चाकू लावला अन पाठीत गेलं. सारं गाव पाहून राहिलं. मले नाई जाचं."

हे सगळं वहिनीनं त्याच संध्याकाळी मला फोनवर सांगितलं. म्हणाली, "बाई, ते माह्याकडं पाहून घाबरली. उद्या ये, मले एकटीले नाई सांगता येत." पण दुसऱ्या दिवशी मी पोचेपर्यंत ती थांबली नव्हती. जावेच्या अंगणात खाटेवर बसून बोलत होती, भोवती आणखी तीन-चार बाया जमल्या होत्या. मी फाटकातच उभी राहिले.

"चाकूनं नाई पसरलं माहं," वहिनी सांगत होती. "मी रोवनी केली, निंदन केलं, कापनी केली अन मंग दाखवलं. तितक्यात ते निघून गेले होते आतल्या आत. पऱ्हे वाढून गेल्यावर कोनी रोखते का? तुहे आता पऱ्ह्यातच असतीन. आता उपट."

"अन नसले तं?" जाऊ म्हणाली.

"नसले तं माह्यासारखी होशीन. मी काय मेली का?" वहिनीनं आपली कंबर हातानं ठोकली. "पाय, बसली हावो तुह्या खाटेवर, तुहाच चहा पिऊन राहिली."

बाया हसल्या. जाऊ हसली नाही, पण दोन दिवसांनी वहिनीबरोबर एसटीत बसली. वहिनीला खडखडाटाचा त्रास व्हायचा म्हणून दादानं पाठीमागे घ्यायला घोंगडी दिली होती. गोंदियाच्या स्टँडवर मी त्यांना घ्यायला बसमध्ये चढले तेव्हा घोंगडी जावेच्या मांडीवर होती आणि वहिनी दांडा धरून उभी होती. म्हणे, हिलाच जास्त गरज होती, सारखी थरथरत होती.

जावेची गाठ लहान होती. काखेतही फार पसरलेलं नव्हतं. ऑपरेशन नागपूरलाच झालं. तिच्या सलाईनच्या दिवसांत वहिनी तिच्या घरी भाकरी करायला जायची आणि गमछा कसा बांधायचा ते दाखवायची.

त्या सुमारास मी एका नियतकालिकात वाचलं की पोटात वाढलेल्या बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात येतात आणि तिच्या शरीरात वर्षानुवर्षे राहतात. दिवस पूर्ण गेले नाहीत तरी राहू शकतात. त्या तिथे काय करतात हे अजून नीट माहीत नाही. काही म्हणतात जखम भरायला मदत करतात, काही म्हणतात काहीच करत नाहीत. मी ते वाचून पुष्कळ दिवस गप्प राहिले. तिच्या आत कोणी राहिलेलं नाही असं मीच तिला सांगितलं होतं. आता हे सांगावं तर जुनी भीती परत उठेल का? शेवटी सांगितलं. मळणीचे दिवस होते, ती खळ्यावर उन्हात पाठ देऊन बसली होती.

तिनं शांतपणे ऐकलं. "ते गाठीतले त्याचे नाई ना?"

"नाही. गाठ तुमच्याच छातीतल्या पेशींची."

"अन हे वेगळे. थोडेसे."

"थोडेसे. असतील तर."

तिनं पदरावरचं कुसळ झटकलं. मग म्हणाली, "असू दे. राहू दे त्याले." आणि खळ्यावर आलेल्या कोंबड्या हाकलायला उठली.

२०१३ च्या उन्हाळ्यात रोग यकृतात गेला. मग फार दिवस लागले नाहीत. शेवटचे आठवडे ती घरीच होती. मुलगी बालाघाटहून येऊन राहिली होती. वहिनीनं तिला काय काय सांगितलं ते मला माहीत नाही. माझ्यासमोर एवढंच सांगितलं की दरवर्षी छाती तपासून घेजो, आत्याले विचारजो, लाजजो नको. एका सकाळी दादा दूध काढून आला तेव्हा ती गेलेली होती. मुलगी तिच्या उशाशी बसली होती.

तेरवीच्या दिवशी जाऊ आमच्याकडे पंगत वाढत होती. तिचे केस अजून कानापर्यंतच आले होते आणि ती पदर न घेता वावरत होती. कोणी तिच्याकडे पाहून कुजबुजलं तर ती थेट त्यांच्या पत्रावळीपाशी जाऊन विचारायची, "भात देऊ का अजून?"

पुढच्या हिवाळ्यात आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावला बायकांच्या तपासणीचं शिबिर होतं. मला कॉलेजातून जाता येण्यासारखं होतं म्हणून मी गावात निरोप पाठवला की कोणी येणार असेल तर सोबत करते. स्टँडवर उतरले तर गावच्या बायांचा घोळकाच उभा होता. जाऊ पुढे. काहीजणी आठवडी बाजार आहे असं घरी सांगून आल्या होत्या, त्यामुळे आधी बाजार की आधी शिबिर यावरून त्यांच्यात वाद चालला होता. एक म्हातारी म्हणत होती, मले काही होऊन नाई राहिलं, मी नुसती मिरच्या घ्यायले आली.

जावेनं तिच्या हातातली पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली.

"मिरच्या कुठं पळून नाई जात मावशी," ती म्हणाली. "चाल, पहिले तिकडं."

आम्ही सगळ्या रस्ता ओलांडून निघालो. म्हातारी कुरकुरत मागून येत होती.